अश्वत्थाम्याची जखम

२०२४ सालच्या जून महिन्याच्या अखेरीस ‘कल्की २८९८ एडी’ हा तेलुगू चित्रपट हिंदी पेहराव करून आमच्या जळगावात दाखल झाला, तेव्हा तो पाहावयास जाण्याचा आमचा मुळीच विचार नव्हता. आमचे वय आणि आमचा अध्यापनाचा पेशा या दोहोंसही असली अद्भुते शोभत नाहीत, अशी आमची एक जुनी व बहुधा खोटी समजूत आहे. परंतु घरच्या मंडळींनी तिकिटे आणून हाती ठेविली. बाहेर आर्द्रा नक्षत्राचा पाऊस लागलेला, आणि मेजावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा वाट पाहत बसलेला. तेव्हा धर्मसंकट असे काही उरलेच नाही. तीन तासांनी आम्ही बाहेर पडलो ते डोके भणभणत, पण मन मात्र एका जागी अडकून.

दारातील गर्दीत जे कानी पडले ते मोठे मौजेचे होते. एक गृहस्थ सोबत्यास सांगत होते की, पहिला अर्धा भाग झोपून काढला तरी माणसाचे काही नुकसान होत नाही. त्यांच्याच मागून चालणारा एक तरुण, असे काही आपल्या देशात घडू शकते, या आनंदाने नुसता हरखून गेला होता. एका बाईंचे म्हणणे, अमिताभ बच्चन नसते तर पैसे पाण्यात गेले असते. दुसऱ्या कोणास ही सारी इंग्रजी चित्रपटांची उसनवारी वाटत होती. वाळवंटातील गाड्या अमक्यातून, आकाशातील जहाजे तमक्यातून. मध्येच दोन क्षण येऊन गेलेल्या मृणाल ठाकूरचे खानदेशाशी नाते असल्याने कोणी तेवढ्यावरच संतुष्ट होते. आणि एक वयस्क गृहस्थ छत्री उघडता उघडता स्वतःशीच पुटपुटले, “महाभारताचे हे काय करून ठेविले आहे!”

या मतांपैकी बहुतेक मतांत काही ना काही तथ्य आहे, आणि त्यांचा निवाडा करीत बसण्याचे आम्हास प्रयोजन वाटत नाही. छत्रीवाल्या गृहस्थांचा उद्गार मात्र आमच्या मनातून जाईना. पुराणांतील वा ग्रंथांतील पुरुष उचलून आपल्या कथेत आणून बसविण्याचा अधिकार कोणास आहे काय? असल्यास त्या अधिकाराबरोबर काही बंधनही येते की नाही?

ज्या वाचकांनी हा चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी त्याचा सांगाडा येथे थोडक्यात देतो. दिग्दर्शक नाग अश्विन यांनी कुरुक्षेत्राच्या युद्धानंतर सहा हजार वर्षांनीचा काळ कल्पिला आहे. पृथ्वीवर काशी हे एकच नगर कसेबसे तग धरून आहे. नगराच्या माथ्यावर उलट्या पिरॅमिडच्या आकाराची एक प्रचंड वास्तू तरंगते. अन्न, पाणी, हिरवळ, जे म्हणून सुखाचे ते सारे त्या वास्तूत, आणि खाली धूळ. तिचा अधिपती यास्किन याने गर्भिणी स्त्रियांच्या उदरातून जीवनरस काढून स्वतः जगण्याचा उद्योग मांडिला आहे. अशा स्त्रियांपैकी सुमती हिच्या पोटी कल्कीचा अवतार व्हावयाचा आहे. आणि तिच्या रक्षणासाठी जो उभा राहतो तो महाभारतातील चिरंजीव अश्वत्थामा. पैशासाठी माणसे पकडून देणारा भैरव नावाचा एक वीर तिच्या पाठीस लागलेला असतो, आणि अखेरीस हाच पूर्वीचा कर्ण असल्याचे उघड होते. म्हणजे भारतातील दोन वीर व भविष्यातील अवतार अशी मोट येथे बांधलेली आहे. कथा अपुरी ठेवून पुढील भागाचे आश्वासन दिले आहे, हे सांगावयास नकोच.

हा विषय कदाचित मनातच विरून गेला असता. परंतु त्याच वर्षी भाऊबीजेस आम्ही धुळ्यास भगिनीच्या घरी गेलो, आणि तेथे फराळाच्या ताटावरच त्याला वाचा फुटली. भगिनीचे दीर वकिली करितात. संस्कृताचा त्यांचा व्यासंग चांगला आहे, व त्यांना तो लपवून ठेविता येत नाही. चित्रपटाचे नाव निघताच ते म्हणाले, “एका घरचे मूल दत्तकविधानावाचून दुसऱ्या घरी नेऊन बसवावे, तसा हा प्रकार आहे. व्यासांच्या अश्वत्थाम्याला तुम्ही नोकरीस ठेविले, पण संमती कोणाची घेतली?”

आमची भाची अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते. तिने शंकरपाळे खात खातच विचारिले, “काका, मग वनपर्वात हनुमान भीमाला भेटला, तेव्हा वाल्मीकींची संमती कोणी घेतली होती?”

वकीलसाहेब क्षणभर थांबले, आणि आमच्याकडे पाहू लागले. आम्ही चकली मोडण्यात गुंतलो होतो.

या वादात भाचीची बाजू बळकट आहे, हे आम्हास कबूल केले पाहिजे. एका ग्रंथातील वीराने दुसऱ्यात जाणे हा आपल्याकडे अपराध तर नाहीच, उलट तो रिवाज आहे. जनकाच्या नगरीहून परतणाऱ्या रामाची वाट अडविणारा परशुराम पुढे भीष्माचा व कर्णाचा गुरू होतो. रामाच्या सैन्यातील जांबवान द्वापरात कृष्णाशी झुंजतो, स्यमंतक मण्यासह आपली कन्या त्यास अर्पण करितो, आणि त्या कथेचे स्मरण महाराष्ट्रात दर गणेशचतुर्थीस होते. इतकेच काय, एकाच प्रसंगाविषयी आपले मान्य ग्रंथही एकमत नाहीत. अश्वत्थाम्याच्या मस्तकावरील मण्याचेच पाहा. भारताच्या सौप्तिक पर्वात तो मणी तो स्वतः काढून देतो, आणि द्रौपदीच्या इच्छेनुसार युधिष्ठिर तो मस्तकी धारण करितो. भागवतात अर्जुन खड्गाने केसांसह तो मणी उतरवून घेतो. मग चित्रपटवाल्याने त्यात आणखी एक फरक केला, तर आकाश कोसळण्याचे कारण नाही.

मराठी वाचकाने तर या बाबतीत फार सोवळे होऊ नये. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ साली कीचकास रंगभूमीवर आणिले ते मत्स्यदेशाची हकीगत सांगण्यासाठी नव्हे. त्या कीचकात प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झनला ओळखिले, सरकारनेही ओळखिले, आणि १९१० साली ‘कीचकवध’ नाटकावर बंदी घातली. खांडेकरांच्या ‘ययाति’ने १९५९ साली व शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने १९६७ साली जी माणसे आमच्या घराघरांत आणून बसविली, ती व्यासांच्या घरून निघताना होती तशीच पोहोचली, असे कोणी म्हणणार नाही. आज कर्णाचे नाव निघताच ज्यांचा कंठ दाटून येतो, त्यांपैकी किती जणांनी मूळ कर्णपर्व वाचिले असेल? आम्ही वर्गात एकदा हा प्रश्न विचारून पाहिला होता. पुन्हा विचारीत नाही.

तेव्हा नेण्याआणण्याची मोकळीक आहेच. परंतु आमचे म्हणणे असे की, वीर कोठेही न्यावा. मात्र त्याचे देणे त्याच्यासोबत गेले पाहिजे. त्याने जे केले व त्याच्या हातून ज्यांचे जे गेले, ते मागे टाकून नुसते नाव, शस्त्र आणि चेहरा तेवढा नेला, तर नेलेला तो पुरुष नव्हेच; ती त्याची पोकळ मूर्ती होय.

याचे एक विलायती उदाहरण आम्हास आठवते, आणि त्याचा आपल्या देशाशी संबंध आहे. ॲलन मूर व केव्हिन ओनील यांनी १९९९ साली एक चित्रकथा आरंभिली, आणि तिच्यावरून २००३ साली ‘द लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन’ हा चित्रपट निघाला. हॅगर्डचा ॲलन क्वाटरमेन, स्टोकरची मीना हार्कर, स्टीव्हन्सनचा डॉक्टर जेकिल अशी इंग्रजी कादंबऱ्यांतील माणसे त्यात एका कामगिरीवर एकत्र केली आहेत. अमेरिकेतील प्रेक्षकांस आपलेही कोणी दिसावे, म्हणून की काय, टॉम सॉयरही चित्रपटात आणून सोडिला आहे. या मंडळीस जहाजातून नेणारा कॅप्टन निमो आमच्या नसीरुद्दीन शहांनी रंगविला. हा निमो कोण? ज्यूल व्हर्नने ‘मिस्टीरियस आयलंड’ या कादंबरीत त्याचे गुपित उघड केले आहे: तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर. १८५७ च्या युद्धात तो इंग्रजांविरुद्ध लढला, आणि त्यात त्याचे आईबाप, पत्नी व मुले मारली गेली. त्याचे समुद्राखालील सारे आयुष्य हा त्या रात्रीचा सूड आहे. ज्या वर्षी हा कल्पित राजपुत्र बुंदेलखंडात लढत होता, त्याच सुमारास आमच्या सातपुड्यात खाज्या नाईक व त्याचे भिल्ल खरोखरीच लढत होते; ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीची लढाई झाली. म्हणून निमोविषयी खानदेशी वाचकास परकेपणा वाटण्याचे कारण नाही. पण चित्रपटात हाच निमो लंडनच्या बोलावण्यावरून येतो, इंग्रजांच्या मेजाशी बसतो, आणि त्याच्या त्या वैराला तेथे फारशी जागा मिळत नाही. फेटा आला, तलवार आली, नॉटिलस आले. पत्नी व मुले काही आली नाहीत. या चित्रपटाविषयीही जगभर प्रेक्षकांत दोन तट पडले. गंमत म्हणून तो पाहणारे खूश होते, आणि ज्यांनी ती पुस्तके लहानपणी उशाशी घेऊन वाचिली होती ते चरफडत होते. ते चरफडणे केवळ पुस्तकी हट्टाचे होते, असे आम्हास वाटत नाही. त्यांना आपला मित्र भेटला, पण त्याने ओळख दिली नाही.

हेच माप अश्वत्थाम्यास लावून पाहू. त्याचे देणे काय? त्याची कथा आठविताना प्रथम त्याचे बालपण आठवावे. द्रोण दरिद्री, श्रीमंतांची मुले दूध पितात हे पाहून हा मुलगा दुधासाठी रडला, तेव्हा सोबत्यांनी पाण्यात पीठ कालवून त्यास दिले, आणि आपण दूध प्यालो म्हणून तो नाचला. भारतातील आरंभीच्या पानांवरचा हा मुलगा, आणि अठराव्या दिवसानंतरच्या रात्रीचा तो पुरुष, यांच्यामध्ये जे घडले त्याचे बरेचसे ओझे इतरांच्याही माथी आहे. पित्याने शस्त्र खाली ठेविलेले असता धृष्टद्युम्नाने त्याचा वध केला, हे तो विसरू शकला नाही. झाडाखाली जागत असता त्याने एका घुबडास निजलेल्या कावळ्यांचा संहार करिताना पाहिले, आणि त्यास युक्ती सुचली. कृपाचार्यांनी त्यास परावृत्त करण्याचा यत्न केला, हेही व्यासांनी नोंदविले आहे; म्हणजे सांगणारे कोणी नव्हते, अशी सबब त्यास उरत नाही. मग निजलेल्या शिबिरात शिरून त्याने धृष्टद्युम्नास लाथांनी मारिले, द्रौपदीचे पाचही पुत्र कापिले. आणि दुसऱ्या दिवशी कोंडीत सापडल्यावर, सोडलेले अस्त्र परत घेता येईना, म्हणून ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळविले. उत्तरेच्या उदरातील मूल मेले. कृष्णाने ते पुढे जिविले. पण मारणाऱ्याने मारिले ते मारिलेच.

यावर कृष्णाने जी शिक्षा उच्चारिली ती आम्ही पुन्हा काढून वाचिली, आणि चकित झालो. रक्ताची व पुवाची दुर्गंधी अंगी घेऊन, कोणाशीही संभाषण न घडता, निर्जन अरण्यांतून भटकत राहावयाचे. आणि मुदत तीन हजार वर्षांची. मुदत आहे! अमरत्व नाही. परंपरेच्या गणनेने युद्ध इसवी सनापूर्वी एकतीसशे वर्षांच्या आसपासचे. म्हणजे इसवी सनापूर्वी शे-सव्वाशे वर्षे, केव्हातरी, एका सकाळी अश्वत्थाम्याची शिक्षा पुरी झाली. त्या सकाळी काय झाले, याविषयी कोणत्याही पुराणिकाने आम्हास काही सांगितलेले नाही. चित्रपटातील अश्वत्थामा तर शिक्षा संपल्यावर आणखी तीन हजार वर्षे भटकत आहे. ही चूक एकट्या दिग्दर्शकाची नव्हे. लोकांनी त्यास चिरंजीवांत घातले. सकाळी उठून ज्या सात चिरंजीवांची नावे घ्यावयाची, त्यांत पहिले नाव त्याचेच. व्यासांनी मुदत घातली, आणि आम्ही ती काढून टाकिली.

असे आम्ही का केले असावे? येथे आम्हास धुळ्याच्या त्या घरातील आजींचे बोलणे सांगणे भाग आहे. भगिनीच्या सासूबाई नव्वदीला टेकल्या आहेत. नातवंडांनी घरच्या पडद्यावर लाविलेला हा चित्रपट त्यांनीही अधूनमधून डोळे मिटीत पाहिला होता. आमचा वाद चालला असता त्या जपमाळ थांबवून एवढेच म्हणाल्या, “भाऊ, त्याना हातमा तेलनी वाटी कोठे शे?”

ज्यांनी खानदेशात दिवस काढिले नाहीत त्यांना हा प्रश्न समजावून सांगितला पाहिजे. नंदुरबार जिल्ह्यात, धडगावच्या बाजूस, सातपुड्याच्या रांगेत अस्तंबा नावाचे शिखर आहे. उंची चार हजार फुटांहून अधिक. (१९९८ साली नंदुरबार वेगळे झाले, तोवर हा मुलूख धुळे जिल्ह्यातच होता.) तेथे अश्वत्थाम्याचे स्थान मानितात. धनत्रयोदशीच्या सुमारास तेथे यात्रा भरते. आदिवासी तरुण तर जातातच, पण तापीकाठच्या गावांतूनही पोरे दऱ्याखोऱ्यांची वाट तुडवीत जातात. तिकडे पूर्वेस, जुन्या खानदेशाच्या सीमेवर, बऱ्हाणपूरजवळच्या अशीरगडावर तो पहाटे शिवमंदिरात फूल वाहून जातो, असे सांगतात. आणि सातपुड्याच्या पायथ्याची माणसे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत की, हा जखमी पुरुष रानात भेटतो, कपाळीच्या जखमेला लावावयास तेल मागतो. आणि वाट चुकलेल्याला वाट दाखवितो.

आजींना चित्रपटात हे दिसले नाही, एवढीच त्यांची तक्रार होती. कर्ण, कल्की, तरंगते नगर, यांपैकी कशावरही त्यांचा आक्षेप नव्हता.

आम्ही त्या रात्री बराच वेळ या तेलाच्या वाटीचा विचार करीत होतो. लोकांनी त्याची शिक्षा वाढविली हे खरे; पण शिक्षेचे स्वरूप कसे पालटिले, ते पाहण्याजोगे आहे. कृष्णाची आज्ञा अशी की, त्याच्याशी कोणी बोलू नये. सातपुड्यात तो लोकांशी बोलतो. झोपलेल्यांच्या तंबूत अंधारात शिरणारा हा पुरुष अंधारात चुकलेल्यांना बाहेर काढितो. त्याला कोणी निर्दोष ठरविलेले नाही. जखम वाहतेच आहे, आणि तेल मागण्याची वेळ संपलेली नाही. पण तेल मागितले तर द्यावयाचे. क्षमा आणि बहिष्कार यांच्यामध्ये माणसाने उभे राहण्याजोगी एक अरुंद जागा असते, आणि ती अक्षरशत्रू म्हणविल्या गेलेल्या माणसांनी शोधून काढिली, याचे आम्हा शिकलेल्यांस नवल वाटले पाहिजे.

चित्रपटाने दुसरी वाट धरिली. ती सर्वस्वी टाकाऊ आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ज्याने गर्भ मारिला त्यालाच गर्भाच्या रक्षणास उभे करावे, ही कल्पना साधीसुधी नव्हे. ज्या कोणास ती सुचली त्याने सौप्तिक पर्व मन लावून वाचिले असले पाहिजे. तो धिप्पाड वृद्ध सुमतीच्या पुढे येऊन उभा राहतो, तेव्हा चित्रगृहात टाळ्या पडल्या आणि आमच्या मात्र पोटात कालवले, ते याच कारणाने. येथे वीर आपले देणे घेऊन आला आहे, असे क्षणभर वाटले. पण पुढे मारामाऱ्यांचा जो धबधबा सुटतो, त्यात हे देणे वाहून जाते. कपाळाची ती जागा आपल्याला दिसते, दिपविते, दुखत नाही. तो जिंकतो म्हणून शुद्ध होतो, असा काहीसा हिशेब होऊन बसतो. शौर्य त्याच्या अंगी त्या काळरात्रीही होतेच की! ज्या गुणाने पाप घडले, त्याच गुणाच्या जोरावर प्रायश्चित्त कसे व्हावे?

कर्णाची गोष्ट तर याहून सोपी आहे. तो शेवटी येतो, हाती दिव्य धनुष्य घेतो आणि तेजाने तळपतो. ‘मृत्युंजय’वर पोसलेल्या आमच्या पिढीचे अंग शहारते, हे आम्ही नाकारीत नाही. पण द्यूतसभेत द्रौपदीविषयी त्याने जे शब्द काढिले ते त्याच्यासोबत आले काय? अश्वत्थामा त्याला मोठ्या आदराने ओळखितो. भारतात मात्र कर्णाने कृपाचार्यांचा अपमान केला, तेव्हा हाच अश्वत्थामा खड्ग उपसून त्याच्या अंगावर धावला होता, आणि दुर्योधनास मध्ये पडावे लागले होते. एवढे सारे पुसून दोघांची गाठ घालून द्यावयाची, तर मग ती गाठ कर्णाचीच असण्याची गरज काय होती?

आमचे हे सारे ऐकून घेऊन भाची म्हणाली, “मामा, पण म्हणजे त्याने कायम पूच वाहत ठेवायचा का? कधीतरी संपायला नको?”

प्रश्न अगदी बरोबर ठिकाणी लागला. वकीलसाहेबांनी शिक्षाशास्त्रावर थोडे व्याख्यान दिले. ते चांगले होते, पण प्रश्न तसाच राहिला. आम्ही तिला भागवतातील प्रसंग सांगितला. अर्जुनाने अश्वत्थाम्यास बांधून द्रौपदीपुढे आणून टाकिले, भीम म्हणाला मारा. पण जिची पाच मुले गेली ती द्रौपदी म्हणाली, सोडा याला. मी रडते तशी याची आई रडू नये. आमच्या मते सबंध कथेत संपविण्याचा अधिकार या एकाच व्यक्तीस होता. कृष्णासही नव्हता, त्याने मुदत घातली, हिशेब मिटविला नाही. मग व्यासांस नव्हता, दिग्दर्शकास नव्हता, आणि टाळ्या वाजविणाऱ्या आम्हा प्रेक्षकांस तर नव्हताच. जिचे गेले तिला बाजूस ठेवून कथाकार परस्पर सुटकेचा हुकूम लिहू लागला की, कितीही कोटी रुपये खर्चिले तरी तो हुकूम खोटा ठरतो. छत्रीवाल्या गृहस्थांस बोचले ते बहुधा हेच असावे. त्यांना ते ग्रंथाच्या विटंबनेच्या भाषेत बोलता आले, इतकेच.

“आणि तीच उरली नसेल तर?” भाचीने विचारिले.

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि का नव्हते ते येथे लिहून टाकितो. आमच्या गल्लीत एक गृहस्थ राहतात. अठरा वर्षांपूर्वी ते एका शिक्षणसंस्थेत लेखनिक होते, आणि घरातील दुखण्याच्या ओढीत त्यांनी विद्यार्थ्यांनी भरलेल्या परीक्षाशुल्कातील रक्कम वापरिली. भरावयाच्या दिवशी ती त्यांच्याजवळ नव्हती. बाकीच्यांचे कसेबसे निभावले. एका मुलीचे वर्ष गेले, आणि त्याच उन्हाळ्यात घरच्यांनी तिचे लग्न उरकून टाकिले. चौकशीस तीन जणांची समिती नेमिली होती, तीत आम्ही होतो. रक्कम परत करावी, तीन वेतनवाढी रोखाव्या, बढती कधीही नाही, असे आम्ही एकमताने लिहिले. त्यांनी पै न् पै भरिली, तीन वर्षे मुकाट्याने काढिली. मुदत संपली. परंतु गल्लीत आजही त्यांना ‘फीवाले’ म्हणतात; गणपतीच्या वर्गणीचा हिशेब निघाला की, कोणीतरी त्यांच्या घराकडे पाहून हसते, आणि ते हसणारे प्रत्येक वेळी दुसरेच कोणी असते असे नाही. त्या मुलीस काय वाटते, हे त्या वेळी समितीने विचारिले नाही. ती आज कोठे आहे ते आम्हास ठाऊक नाही, आणि शोधण्याचा यत्नही आम्ही केला नाही. तिच्या नावाने आम्ही कठोर राहिलो; ती कठोर राहिली असती की नाही, याचा पत्ता नसताना.

दुसऱ्या दिवशी पारोळे, एरंडोल करीत एस. टी.ने आम्ही जळगावास परतलो. पहाटे दूध आणावयास निघालो, तो दारातच हे गृहस्थ भेटले. दिवाळीनिमित्त नमस्कार झाला. मग ते जरा घुटमळत म्हणाले, “सर, तो अश्वत्थाम्याचा पिक्चर पाहिला म्हणे तुम्ही. कसा आहे?”

आम्ही अमिताभ बच्चन यांच्या अभिनयाची तारीफ केली. वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी एवढी उमेद, हे विशेषच आहे, असे म्हणालो. मग आकाशातील ते तरंगते नगर त्यांना पुष्कळ खुलवून सांगितले, आणि ती बोलणारी गाडीही. त्यांनी सारे ऐकून घेतले, “बरं” म्हणाले, आणि पिशवी सावरीत कोपऱ्यावरून वळले.